फंक्शनची आत्या

जूनमध्ये कॉलेज उघडलं की पहिल्या दिवशी ती आधी वर्गावर जायची नाही, फलकाकडे जायची. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जिन्याखाली शिक्षकांच्या नावांचा एक पांढरा फलक आहे. मराठी, इंग्रजी, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, सगळ्यांपुढे नावं रंगवलेली. गणितापुढे 'रिक्त'. ती पर्समधून जाड मार्कर काढायची, दातांनी टोपण उपसायची, 'रिक्त'वर आडवी रेघ मारायची आणि शेजारी आपलं पूर्ण नाव लिहायची. मग काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं हजेरीपट घ्यायला ऑफिसात.

दुपारी शिपाईमामा रॉकेलचा बोळा घेऊन यायचे. नाव जायचं, रेघ जायची, 'रिक्त' राहायचं, कारण ते पक्क्या रंगात होतं. मामांना वाईट वाटायचं. ती त्यांनाच समजवायची, "पुसा मामा. ते तुमचं काम हाय. माझं काम म्या केलंय."

ती तासिका तत्त्वावर होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जागा सरकारदरबारी रिकामी असते आणि त्या रिकाम्या जागेत एक माणूस रोज खडू घेऊन उभा असतो. दर वर्षी त्याला नव्यानं बोलावतात, नाहीतर बोलावत नाहीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण मान खाली घालून तास घेतात आणि कुठंतरी कायम होण्याची वाट बघतात. हिची मान खाली गेलेली मी फक्त कॉम्प्युटरसमोर पाहिली.

"जाऊ दे ना," असं मी पहिल्याच जूनमध्ये तिला म्हटलं होतं.

"जाऊ कावून द्यायचं?" ती म्हणाली. ते तिचं पालुपद होतं, हे मला नंतर कळलं. बसमध्ये कंडक्टरनं सुट्टे नंतर देतो म्हटलं तरी तेच, वर्गात पोरानं एक पायरी गाळली तरी तेच. आवाज चढवायची नाही. खरंच कारण विचारते आहे अशा सुरात विचारायची, आणि समोरच्याला कारण सापडायचं नाही.

मी इंग्रजी शिकवते. बीडहून सकाळची बस धरते. ती नेकनूरला चढायची, तिचं सासर तिथलं. तिथून पुढं कॉलेजच्या गावापर्यंत आम्ही दोघी एका बाकावर. शेजारच्या जागेवर पर्स ठेवून मी जागा धरून ठेवायची आणि ती चढल्या चढल्या म्हणायची, "सरक, इंग्रजी." नावांवरून अख्ख्या जगाशी भांडणाऱ्या ह्या बाईनं मला माझ्या नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. एकदा मी तसं बोलून दाखवलं. तर म्हणे, "तुझं नाव लई लांब हाय. हाक मारंस्तवर बस निघून जाईल."

मला ती फार आवडायची. हे आडून आडून सांगण्यात अर्थ नाही.

आणि तिचं नाव मी इथं लिहीत नाही, ह्याचं तुम्हाला नवल वाटेल. तिनंच बजावून ठेवलंय. "माझ्यावर कधी काय लिहिलंस तर लिही, पन नाव घालू नको. माझं नाव म्या लिहिते." तिचं एवढं तरी ऐकलं पाहिजे.

वर्गात ती कडक होती, पण कंटाळवाणी नव्हती. कुणी फळ्यावर फंक्शन, म्हणजे एक आकडा घातला की दुसरा देणारं सूत्र, मांडलं की खडू त्याच्यावर रोखून विचारायची, "नाव काय ह्याचं?"

"एफ, मॅडम."

"एफ तर समद्यांचंच हाय. तुमच्या आळीत समद्या पोरांला बाळ्याच म्हनत्यात का?"

मग बारसं व्हायचं. नियम तिचाच. ज्यानं फंक्शन मांडलं त्यानं नाव ठेवायचं नाही, शेजारी बसलेल्यानं ठेवायचं. कारण आपल्याकडे बाळाचं नाव आई ठेवत नाही, आत्या ठेवते. शेजारी मिसरूड फुटलेला मुलगा असला तरी त्या तासापुरता तो आत्या. त्यानं फंक्शनवाल्याच्या कानात नाव सांगायचं, सगळ्या वर्गानं 'कुर्र' करायचं आणि मागच्या बाकावरच्यांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. ह्या बुक्क्यांसाठी गणिताच्या तासाला हजेरी चांगली असायची.

तो गोंगाट ऐकून एकदा प्राचार्य दाराशी आले. फळ्यावर एक साधी आडवी रेघ होती, काहीही घाला, उत्तर तेच देणारं फंक्शन. आणि वर आत्यानं ठेवलेलं नाव लिहिलं होतं, 'प्राचार्य'. सरांनी ते वाचलं. तिनं फळ्याकडे एकदा, सरांकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, "नाव चुकीचं न्हाई सर. ह्याला स्थिर फंक्शन म्हनत्यात. लई भरवशाचं असतं."

सर भले गृहस्थ होते. "वरून मान्यता नाही" हे वाक्य ते दर वर्षी तिला ऐकवायचे आणि दर वर्षी ते खरंच असायचं. त्या दिवशी ते हसून निघून गेले.

आमच्याकडे एक संगणक कक्ष आहे. कुठल्याशा योजनेतून आलेले कॉम्प्युटर, त्यांवर शिवून घेतलेल्या फुलाफुलांच्या खोळी. तिच्याआधी त्या खोळी फक्त तपासणीच्या दिवशी निघायच्या. तिनं आल्या आल्या त्या काढून धुवायला टाकल्या आणि सगळ्या मशिनींवर गणिताचं एक फुकटचं सॉफ्टवेअर चढवलं. त्यात पोरांनी फंक्शन लिहायचं, लगेच आलेख बघायचा. नाव मराठीत टाकलं तरी ते घ्यायचं. पोरांना ते फार आवडलं. रस्त्यावरच्या उताराचं, मोटारीच्या पाण्याचं, म्हशीच्या दुधाचं, कशाकशाचं फंक्शन पोरं करायची.

त्यात एक मुलगी होती. तिच्या बापाच्या शेततळ्यातलं पाणी दिवसागणिक कसं उतरतं, ह्याचं फंक्शन तिनं केलं होतं. शेजारणीनं त्याचं नाव ठेवलं 'तहान'. वर्गानं कुर्र केलं, बुक्के पडले, काम साठवून ठेवलं.

दिवाळीनंतर आमचा वर्ग निम्मा होतो. पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. ती मुलगीही गेली. उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली, मशीन उघडलं आणि आपलं काम शोधायला लागली. पडद्यावर सगळ्या वर्गाच्या रेघा एकात एक गुंतलेल्या, आणि प्रत्येकीपुढे फक्त 'फंक्शन' आणि एक आकडा. झालं होतं असं, की पोरांनी ठेवलेलं नाव ते सॉफ्टवेअर तेवढ्यापुरतंच वापरायचं. काम बंद करून परत उघडलं की नावं गळायची आणि त्यांच्या जागी नंबर लागायचे. त्या मुलीनं बराच वेळ बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. नवं काढते."

मी तेव्हा पेपरचे गठ्ठे न्यायला तिथं आले होते. मला वाटलं नेहमीचं पालुपद येणार. पण ती त्या मुलीशेजारी बसली आणि एकेक रेघ तपासत दोघींनी मिळून 'तहान' शोधून काढली. बसमध्ये मात्र नेकनूर येईपर्यंत तिचं डोकं तिथंच.

"पोरगी चार-पाच महिने रानात राबून आली. आल्यावर तिला तिचं स्वतःचं सापडंना. आन् म्हनते जाऊ द्या. हे जाऊ द्या म्हनायला कुनी शिकीवलं तिला?"

"मशीनचा दोष आहे तो," मी म्हटलं.

"मशीन मानसांनीच लिहिलंय ना? मग मानसांनी दुरुस्त करावं."

त्या सॉफ्टवेअरचं आतलं सगळं उघडं असतं, हे मला तिनं तेव्हा सांगितलं. कुणीही आत डोकवावं, ज्याला जमेल त्यानं सुधारणा लिहून पाठवावी. ते सांभाळणारी जगभरातली काही माणसं आहेत, ती तपासतात, पटलं तर घेतात. मग ती सुधारणा जगात जिथं जिथं ते सॉफ्टवेअर आहे तिथं पोचते. मी विचारलं, "आणि तू ती लिहिणार?" तर माझ्याकडे असं बघितलं, की मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

पुढचं अख्खं वर्ष तिनं ह्यात घातलं. तास संपले की दुपारी संगणक कक्षात. लाइट गेली की पंख्याबरोबर पडदाही काळा, मग कागदावर. दिवाळीनंतर वर्ग रिकामा झाला, तेव्हा तर सगळा कक्ष तिचाच. मी डबा घेऊन तिथं जायची. ती एका हातानं भाकरी मोडायची आणि दुसऱ्या हातानं काहीतरी खोडायची. तिला हवं होतं ते सांगायला सोपं होतं. फंक्शनला एकदा नाव ठेवलं, की ते त्याच्याबरोबर जायला हवं. आलेखात तेच, तक्त्यात तेच, चूक झाली तर चूक दाखवणाऱ्या संदेशातही तेच. साठवा, बंद करा, महिन्यांनी उघडा, नाव तेच.

शेवटी तिनं ते पाठवलं. आणि मग माझं काम सुरू झालं, कारण तिकडून जी उत्तरं यायची ती इंग्रजीत, आणि उलट उत्तर द्यायचं तेही इंग्रजीत. तिला इंग्रजी वाचता यायचं. लिहायलाही यायचं, पण तिचं म्हणणं, "भांडन हाय, भाषा चोख पायजे."

पहिलं उत्तर आलं ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांतल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाचं. कुठल्यातरी थंड देशातला निवृत्त प्राध्यापक, फोटोत मागे बर्फ. त्यानं सौजन्यानं लिहिलं होतं, की काम मेहनतीनं केलेलं दिसतं, पण फंक्शनच्या नावानं गणितात काहीच फरक पडत नाही, तेव्हा ह्याची गरज काय?

मी वाचून दाखवलं आणि तिच्या रागाची वाट पाहिली.

"बरोबर हाय म्हाताऱ्याचं," ती म्हणाली. "गणिताला फरक पडत न्हाई."

"मग?"

"मग त्याला इचार, तू दर निरोपाखाली तुझं पूर्ण नाव लिहितूस, मधल्या अक्षरासगट. त्यानं तुझ्या गणितात काय फरक पडतो?"

हे इंग्रजीत कसं लिहायचं ह्याच्यावर मी दोन बसफेऱ्या घालवल्या. मी सुरुवातीला आदर घातला, मध्ये दिलगिरी घातली, शेवटी आभार घातले. तिनं मोबाइल हातात घेऊन वाचलं.

"सॉरी कावून लिहिलंस? काय केलंय आपन?"

"पद्धत असते तशी."

"सॉरी काढ. आन् हे वरचं बी काढ, 'विथ ग्रेट रिस्पेक्ट'. रिस्पेक्ट असता तर गरज काय म्हनून इचारलं असतं का त्यानं?"

आभार तेवढे राहिले. ते काढू दिले नाहीत मी.

म्हातारा माणूस बरा निघाला. त्यानं लिहिलं, की इतक्या वर्षांत त्याच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. चर्चा पुढे सरकली. त्यांच्यातल्या एका तरुण बाईनं हिच्या कामातल्या चुका दाखवल्या, आणि त्या चुका खऱ्या होत्या. मला वाटलं, आता ही तिच्याशीही भांडणार. पण ती शाळकरी मुलीसारखी निमूट बसून दुरुस्त्या करत राहिली. "चूक ती चूक," म्हणाली. "खोटं भांडन मला येत न्हाई."

मग म्हाताऱ्याकडून एक अट आली. सगळं मान्य, फक्त एक बदल करा. समजा, 'तहान' नावाचं फंक्शन कुणी घेऊन 'अ' नावाखाली ठेवलं, तर त्याचं नाव आपोआप 'अ' व्हावं. ज्याच्या हातात फंक्शन आहे, त्याच्या सोयीचं नाव. एवढं केलं की सुधारणा आत.

"किती काम आहे?" मी विचारलं.

"एक ओळ."

"मग कर ना बाई. वर्ष घातलंस, एका ओळीसाठी अडवून धरतीस? जाऊ दे एवढं."

बस तेव्हा नेकनूरच्या अलीकडे होती. ती खिडकीच्या गजाला धरून बसली होती. तिनं विचारलं, "तुझ्या लग्नात तांदळाचं ताट आणलतं का?"

आणलं होतं. तुमच्याही घरी आणलं असेल. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, सगळ्यांना पेढे वाटतात आणि त्या दिवसापासून ती नवी. माझं नाव बदललं नाही, कारण माझ्या नवऱ्याला तेच आवडलं होतं. म्हणजे मला विचारलं कुणीच नव्हतं, हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा लक्षात आलं.

"माझ्या बी आणलं," ती म्हणाली. "ह्यांनी लिहिलं, वैशाली. समद्या बाया वाचायला वाकल्या. म्या तळहातानं तांदूळ सारका केला. ह्यांना वाटलं, धक्का लागला. परत लिहिलं. म्या परत सारका केला. मंग बाया गप झाल्या. मंग म्या माझ्या बोटानं माझं नाव लिहिलं आन् ताट सासूबाईच्या हातात दिलं."

"मग?"

"मंग काय. सासूबाई वरीसभर वैशालीच म्हनायच्या. म्या वळूनच बघायची न्हाई. वैशाली चहा टाक म्हनल्या की मीच इचारायची, कुनाला म्हनता? वरसानं दमल्या. आता मास्तरीन म्हनत्यात."

तिच्या नवऱ्याचं नेकनूरला पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरायचं दुकान आहे. मी त्याला ओळखते. शांत माणूस आहे. तो ही गोष्ट स्वतः हसत हसत लोकांना सांगतो, आणि त्यातल्या दुसऱ्यांदा लिहिण्याच्या जागी थोडा ओशाळतो.

"ती ओळ मी लिहिनार न्हाई," ती म्हणाली. "न्हाई घेतलं तर न्हाई. पोरीचं 'तहान' कुनी उचलून 'अ' करील आन् ती परत येऊन शोधत बसंल, असलं काम माझ्या हातून व्हनार न्हाई."

ह्या वेळी तिनं मजकूर सांगितला आणि मी तो शब्दाला शब्द लिहिला. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. तिच्या माहेरची माणसं तिला शोधत आली तर त्यांनी कुठल्या नावानं विचारायचं? ज्यानं 'तहान' हे नाव ठेवलं, त्यानं काहीही केलेलं नसताना त्याच्या फंक्शनचं नाव दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी बदलणार. त्याला विचारलं का? वापरणाऱ्यानं फंक्शन ज्यात ठेवलं त्या आपल्या डब्याला हवं ते म्हणावं. आतल्याचं नाव आतल्याकडे राहू द्यावं. हे मान्य नसेल तर माझं काम परत करा.

त्यात एकही सॉरी नव्हतं. मी आभारही घातले नाहीत. खरं सांगायचं तर लिहिता लिहिता मलाच चेव चढला होता.

उत्तर येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी समजून चुकले, की संपलं. तिचं तास घेणं, बारसं, बुक्के सगळं चालू होतं, पण बसमध्ये चढली की पहिला प्रश्न, "काय म्हनतो म्हातारा?" मी मान हलवायची. मग ती खिडकीकडे तोंड करून बसायची. तिला ते किती हवं होतं, हे त्या दिवसांत कळलं. इतकं हवं असूनही तिनं ती एक ओळ लिहिली नाही, हे मला जमलं नसतं.

मग एका सकाळी आलं. बस नेकनूरला थांबायच्या आधीच मी वाचून ठेवलं होतं, पण ती चढून बसेपर्यंत चेहरा सरळ ठेवला. मग मराठी करून वाचलं.

'मी तुमचा निरोप माझ्या पत्नीला वाचून दाखवला. लग्नात तिनं आडनाव बदललं होतं. ती म्हणाली, बाईंचं बरोबर आहे, आणि मग संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण मला घरात शांतता हवी आहे. तुमचं काम जसंच्या तसं घेतलं आहे. खाली योगदान देणाऱ्यांची नावं आहेत, तिथं आपलं नाव आपण स्वतः लिहावं.'

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं. तिनं ओढणीनं चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला. मग माझ्या हातातून मोबाइल घेऊन नाव टाइप करायला लागली, देवनागरीत, वडलांच्या नावासकट. बस खड्ड्यांतून जात होती. तिनं ते तीनदा खोडून बरोबर केलं. उतरल्यावर तिनं मला फाट्यावरची भजी खायला घातली आणि स्वतः एकही खाल्लं नाही.

ही बातमी कॉलेजात मी फोडली. संस्थेला आनंद झाला. संस्थेला असा आनंद झाला की फ्लेक्स छापतात. गॅदरिंगला सत्कार ठरला. फ्लेक्सवर तिचा फोटो आणि खाली 'आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापिका सौ.', त्यापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तिचं स्वतःचं नाव बसवायला जागा उरली नव्हती.

ती सरांकडे गेली. मी सोबत होते. तिनं विचारलं, "सर, खालच्या फलकावर मी रिक्त हाय. रिकाम्या जागेला शाल कशी घालनार?"

"मॅडम, फलकाचं पुढं बघू. मान्यता आली की रंगवूच. आत्ता आनंदाचा प्रसंग आहे, जाऊ द्या."

"जाऊ कावून द्यायचं, सर?"

सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

गॅदरिंगला ती आली. चांगली जरीकाठाची साडी नेसून आली आणि शेवटच्या रांगेत पोरींमध्ये जाऊन बसली. निवेदकानं फ्लेक्सवरचं नाव पुकारलं. ती उठली नाही. निवेदकाला वाटलं, आवाज पोचला नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कोण बाई आहे ती, येत का नाही, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागली. शेजारच्या पोरींनीही वाजवल्या. पोरींना हसू आवरेना. व्यासपीठावर पाहुणे शाल उघडून उभे, आणि मांडवभर टाळ्या. शेवटी पाहुण्यांनीच शालीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

पुढच्या जूनमध्ये तिला बोलावलं नाही. कारण कुणी दिलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. मी चिडले, सरांशी भांडले, आयुष्यात पहिल्यांदा. सर म्हणाले, वरून आलंय. मी तिला फोन केला आणि म्हटलं, हे असं जाऊ द्यायचं नाही. ती हसली. "मी कुटं जाऊ दिलं? म्या उठली न्हाई, त्येवढंच माझं काम होतं."

आता ती बीडमध्ये क्लास घेते, खतांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाटीवर क्लासचं नाव नाही, नुसतं तिचं नाव आहे. तिनंच रंगवलंय, पक्क्या रंगात, आणि शेवटचं अक्षर जागा न पुरल्यानं जरा दाटीनं आलंय. आमच्या वेळा उलट्यापालट्या झाल्या. मी बसमध्ये अजून शेजारच्या जागेवर पर्स ठेवते आणि नेकनूरला काढते.

गणिताला अजून कुणी आलेलं नाही. त्या तासाला पोरं गप्प बसावीत म्हणून मला पाठवतात. मी त्यांना संगणक कक्षात नेते, कारण तिथं ती आपापली काहीतरी करतात आणि मी पेपर तपासते. नवीन वर्ग, तिला न पाहिलेला. पण सॉफ्टवेअरमध्ये नावं ठेवतात, आणि बारशाचा नियम वरच्या वर्गाकडून त्यांच्यापर्यंत पोचलाय. बुक्केही पोचलेत.

परवा एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, ह्याचं नाव बदलत कावून न्हाई? दुसऱ्या नावाखाली ठिवलं तरी आतून तेच निघतंय."

"बदलत नाही. एका बाईनं तसं केलंय. इथंच शिकवायची."

"नाव काय त्यांचं?"

मला लिहू नको म्हणून सांगितलेलं आहे. सांगू नको म्हणून सांगितलेलं नाही. मी पूर्ण नाव सांगितलं. मुलीनं ते तोंडात घोळवलं आणि नव्यानं एक फंक्शन मांडलं. मग शेजारणीला म्हणाली, "तू आत्या हो." शेजारणीनं तिच्या कानात सांगितलं, वर्गानं कुर्र केलं, आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर एक रेघ वर चढत गेली. रेघेशेजारी मी आत्ताच सांगितलेलं पूर्ण नाव होतं.

गोंगाटानं सर आलेच. पडद्यावरचं नाव त्यांनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं, मी तपासत असलेल्या पेपरकडे पाहिलं. मग मुलीला सौम्यपणे म्हणाले, "बाळ, दुसरं काहीतरी नाव दे ह्याला."

मुलगी आज्ञाधारक होती. तिनं ते फंक्शन उचलून 'अ' नावाखाली ठेवलं आणि रेघ परत काढली. शेजारी तेच नाव आलं. 'ब' करून पाहिलं. तेच आलं.

"न्हाई बदलत, सर," ती म्हणाली. "नाव काढायचं तर आख्खं गणितच पुसावं लागंल."

बाहेर जिन्याशी शिपाईमामा बसले होते, त्यांनीही मान लांब करून पडदा पाहिला. "चालू द्या," सर म्हणाले आणि ऑफिसकडे गेले. मामा मात्र तास संपेपर्यंत तिथंच बसून होते.